अडकित्ताही प्यायला

‘दुसऱ्यांच्या श्रद्धांना सुरुंग लावणाऱ्यांना फक्त शहाणपणा मिरवायचा असतो’ असं तुम्ही म्हणता, ते मला अर्धंच पटलं. रूढींवर टीका करणाऱ्या समाजसुधारक आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. एवढं कोणी मिरवण्यापायी ओढवून घेत नाही.

पण आमचा मामा मात्र तुम्ही म्हणता तसाच. 21 सप्टेंबर 1995, गणपती दूध पितोय म्हणून देवळाबाहेर ही रांग. मामाने घरातला पितळी अडकित्ता घेतला, काठोकाठ भरलेला चमचा त्याच्या कडेला टेकवला. दूध ओढलं गेलं आणि खालून ओघळलं. पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाची ओढ, दुसरं काय! त्याची नजर मात्र दुधावर नव्हतीच, आजीच्या चेहऱ्यावर होती. आजी शांतपणे म्हणाली, ‘‘म्हणजे देव अडकित्त्यातही आहे.’’

मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मुख्य पैलू मानतात. त्यातली नव्याची ओढ भरपूर आणि मनमिळाऊपणा बेताचा, असं मिश्रण असलं की माणसाला विसंगती खुपते, समोरच्याचं अवघडणं खुपत नाही. शिवाय वाद जिंकण्याची किक असतेच.

आणि हो, मामाच्या होमिओपॅथीच्या गोळ्यांबद्दल कोणी ब्र काढला, की तो भरल्या ताटावरून उठायचा.