पाहुण्यांसमोर मुलाला ‘नमस्कार कर’ असे सांगावे का?

प्रश्न: माझा ४ वर्षांचा मुलगा पाहुणे आले की माझ्यामागे लपतो आणि सर्वांसमोर ‘नमस्कार कर’ म्हटले की अधिकच अवघडतो. काय करावे?

उत्तर १: चारचौघांत हुकूम सोडणे आधी थांबवा. कोण येणार हे त्याला आधी सांगून पाण्याचा पेला किंवा बडीशेपेची वाटी त्याच्या हाती द्या, कारण लाजऱ्या मुलाला बोलण्यापेक्षा काही नेऊन देणे सोपे जाते. आमच्या मुलीची भीड संक्रांतीला मोडली. तिळगूळ देताना म्हणायचे वाक्य ठरलेलेच असते आणि वाकून नमस्कारही त्याच ओघात होतो.

उत्तर २: सहमत आहे. मात्र घरकामाच्या मावशींना आपणच ‘अगं’ म्हणत असू, तर मुलाकडून ‘अहो’ची अपेक्षा कशी धरावी?

प्रश्नकर्ती: वाटीच बरी, पाणी सांडले तर सासूबाईंशी वेगळाच वाद व्हायचा.