सहलीत घरच्यांचे फोटो: कॅमेरा वर केला की सगळे ताठ

रानवाटा: पुढच्या आठवड्यात घरचे सगळे डोंगरात फिरायला चाललोय. माझ्याकडे मिररलेस कॅमेरा आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स आहे. झाडं, पक्षी बरे येतात, घरच्यांचं मात्र जमत नाही. कॅमेरा दिसला की आई शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी हात खाली सोडते. बाबांचा चष्मा उन्हात काळा पडतो, डोळेच दिसत नाहीत. सोळा वर्षांची भाची तोंडापुढे हात धरते. आणि आमची मंडळी बाहेर पडणार थेट भरदुपारी. काय करू?

पन्नास_मिमी: आधी उन्हाचं बघा. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, वर सगळे डोळे बारीक करतात. गर्द सावली शोधा, कवडशांची नको. नाहीतर एकाच्या नाकावर पांढरा ठिपका, दुसऱ्याच्या कपाळावर. सावलीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून बसवा. सावलीच नसेल तर सूर्य त्यांच्या पाठीशी घ्या आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, +०.७ ते +१ करा. मागचं आकाश पांढरं पडलं तर पडू द्या, आपल्याला आई हवीय.

घोळक्याला एफ/१.८ नको; लेन्सचं तोंड इतकं उघडं असलं की थोडाच भाग स्पष्ट येतो. पुढची आत्या स्पष्ट आणि मागचे काका धूसर, मग वर्षभर ऐकून घ्या. एफ/५.६ ते एफ/८ ठेवा.

बाबांचा चष्मा फोटोक्रोमिक दिसतोय. अतिनील किरणांनी ती काच काळी होते, आणि ते किरण आकाशातूनही येतात, म्हणून झाडाखाली नेऊनही पूर्ण साफ होत नाही. थंडीत तर आणखी गडद. चष्मा डबीत ठेवायला सांगा. जागा, फोकस सगळं जुळलं की मगच घालायला लावा. काच पुरती काळी पडायच्या आत तीन-चार फोटो आरामात होतात.

आईला ‘इकडे बघ’ म्हणूच नका. पहिला फोटो नुसता काढून टाका. शटर वाजलं की माणूस रोखलेला श्वास सोडतो, खांदे उतरतात, शेजारच्याला काहीतरी पुटपुटतो. तेव्हा कॅमेरा डोळ्यालाच हवा, स्क्रीनवर बघत बसलात की गेलं. खरा फोटो दुसरा.

उंटावरचा: भाची नको म्हणतेय ना? मग नका काढू. कॅमेरा तिच्याच हातात द्या, निदान एखाद्या फोटोत तुम्हीही दिसाल. मोबाइलवर काढलात तर कडेला कोणाला उभं करू नका; रुंद लेन्समुळे कडेची माणसं ताणली जातात. दोन पावलं मागे या, २एक्स झूम लावा.

जुनी_रीळ: उत्स्फूर्त वगैरे ठीक आहे, पण रांगेत उभं करून एक फोटो काढाच. आजी-आजोबांना तोच हवा असतो, आणि त्यांचं बरोबर आहे. ट्रायपॉड, १० सेकंदांचा टायमर, एका दमात पाच-सहा फोटो. कोणाचे ना कोणाचे डोळे मिटतातच.

रानवाटा: चष्म्याची युक्ती भारी! एक राहिलं: छोटा भाचा एका जागी थांबतच नाही.

पन्नास_मिमी: त्याला थांबवू नका. शटर १/१००० सेकंदाला, ऑटोफोकस कंटिन्युअस (म्हणजे तो पळाला तरी फोकस त्याच्या मागे राहतो), डोळ्याचा फोकस चालू. आणि तुम्ही गुडघ्यावर बसा, उभ्याने काढलंत की नुसती टोपी येते.