मूल्यमापन, मूल्यांकन की गुणदान?

प्रश्न : वडोदऱ्यात कायद्याच्या मुलांना मी विधी-संशोधन शिकवते. मराठी मुलांसाठी निकषांचा तक्ता मराठीत करते आहे. त्यावर 'मूल्यांकन' लिहिलं, तर सहकारी म्हणाले, हे गुजराती-हिंदी वळण झालं, 'मूल्यमापन' म्हणा. खरंच फरक आहे का? की सरळ 'गुणदान' लिहू?

प्रतिसाद : 'मूल्यांकन' चूक नाही, पण मराठीत ते घर-जमिनीच्या किमतीशी जास्त जोडलं जातं. महाराष्ट्रातल्या शाळांत 'मूल्यमापन' रुळलंय. 'गुणदान' मात्र लिहू नका, ती फक्त शेवटची पायरी. समजा, आणीबाणीतल्या अटकेवर टिपण लिहिताना एखाद्याने एडीएम जबलपूरचा, म्हणजे आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही असं म्हणणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचा, आधार घेतला. तो कुठे छापलाय हा संदर्भ अचूक : एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) १९७६ एससी १२०७. संदर्भलेखनाचे गुण पूर्ण मिळतील. पण २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय मोडीत काढला, हे त्याने पाहिलंच नाही. मग ते संशोधन कशाचं? ते मापणं म्हणजे मूल्यमापन.

प्रश्नकर्ती : अगदी हेच मला हवं होतं! म्हणूनच मी मुलांकडून शोधनोंदही मागते : कुठे, कोणते शब्द घालून शोधलं, काय वगळलं आणि का. तिला टिपणाइतकंच वजन हवं, असं माझं ठाम मत आहे. आता आधाराचा निर्णय पुढे टिकला का, हे तपासायच्या रकान्याला 'निर्णय रद्द झाला आहे का?' असं म्हणू?

प्रतिसाद : 'रद्द' नको. अपिलात खालच्या कोर्टाचा निर्णय रद्द होतो, तेव्हा त्याच पक्षकारांचा निकाल बदलतो. इथे जुन्या पक्षकारांचा निकाल तसाच राहतो, त्यातलं कायद्याचं तत्त्व तेवढं जातं. 'पुढे मोडीत निघाला आहे का?' हे मुलांना लगेच कळेल.

दुसरा प्रतिसाद : तक्त्यात 'निकाल'ही जपून वापरा, ताई. परीक्षेचाही निकाल आणि कोर्टाचाही. शिवाय आपल्याकडच्या मुलांच्या कानात गुजराती 'निकाल' असतो, म्हणजे पाण्याचा, कचऱ्याचा, अर्जाचा. परीक्षेच्या निकालाला ती 'परिणाम' म्हणतात. कोर्टासाठी 'न्यायनिर्णय' ठेवा. असले घोळ या शहराला जुनेच. १९३१ चा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश त्यासाठीच झाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी असे प्रतिशब्द शेजारी-शेजारी मांडलेत. तो उघडून बसाच.

प्रश्नकर्ती : मथळा 'मूल्यमापन', गुणांचा रकाना शेवटी. 'दाखला'ही काढून टाकते. मुलं त्याचा अर्थ शाळा सोडल्याचा दाखला असा घेतात. 'पूर्वनिर्णय' लिहिते.