'सुओ मोटू' मधला 'सुओ' : लॅटिनमधलं 'आपला'

प्रश्न : न्यायालयाने एखाद्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली की बातमीत 'सुमोटो' येतं, कुठे 'सुओ मोटो', कुठे 'सुओ मोटू'. अमेरिकेतले वकील याच अर्थाने 'सुआ स्पोन्ते' म्हणतात. यातलं बरोबर कोणतं? आणि सुओ, सुआ ही एकाच सर्वनामाची रूपं का?

उत्तर : 'सुओ मोटू' बरोबर. मूळ नाम 'मोतुस', म्हणजे हालचाल, प्रेरणा. ते चौथ्या गणातलं (नामं चालवण्याच्या चौथ्या प्रकारातलं) असल्याने तृतीया-पंचमीचं काम करणाऱ्या विभक्तीत त्याचं 'मोतू', इंग्रजी वळणाने 'मोटू', होतं. 'सुओ' मात्र दुसऱ्या गणाप्रमाणे चालतं आणि ओकारान्त होतं. त्याच्या नादाने पुढचाही शब्द ओकारान्त केला जातो, म्हणून 'मोटो'.

सुओ आणि सुआ एकच. मूळ शब्द 'सुउस', संस्कृत 'स्व'चा सख्खा नातलग. 'मोतुस' पुल्लिंगी म्हणून सुओ, 'स्पोन्ते' स्त्रीलिंगी म्हणून सुआ. वस्तू कोणाची, यावर लिंग ठरत नाही. जी वस्तू, तिचं लिंग. आपला भाऊ, आपली बहीण, आपलं घर, तसंच. त्यामुळे नुसत्या 'सुउस'वरून मालक पुरुष की स्त्री, एक की अनेक, हे कळत नाही. ते कर्त्यावरून घ्यायचं.

प्रश्न : मग 'एयुस' कधी वापरायचं? त्याचाही अर्थ 'त्याचा' असाच दिलेला असतो.

उत्तर : वस्तू कर्त्याची असेल तर सुउस, तिसऱ्या कोणाची असेल तर एयुस. 'मातेर फिलियाम सुआम आमात' : आईचं आपल्या मुलीवर प्रेम आहे. 'मातेर फिलियाम एयुस आमात' : मुलगी दुसऱ्या कोणाची तरी. एयुस ही षष्ठी असल्याने तिन्ही लिंगांत तशीच राहते. अनेकांची वस्तू असेल तर एओरुम, आणि त्या सगळ्या स्त्रिया असतील तर एआरुम.

हल्ली मराठीत 'त्याने त्याच्या मित्राला बोलावलं' असं सर्रास लिहितात आणि मित्र कोणाचा ते कळत नाही. जुन्या वळणाने 'आपल्या मित्राला' लिहिलं की प्रश्न मिटतो. लॅटिन शिकताना आधी वाक्य असं शुद्ध मराठीत मांडावं. जिथे 'आपला' बसेल तिथे बहुधा सुउस येतं.

'आणि'ने जोडलेल्या कर्त्यातही मराठी कान उपयोगी पडतो. 'सीझर आणि त्याचा मित्र आले' इथे 'आपला मित्र' म्हणवत नाही. लॅटिनमध्येही 'एत आमिकुस एयुस'च. पण 'आपल्या मित्राबरोबर आला' म्हटलं की 'कुम आमिको सुओ'.

आणखी एक उत्तर : 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा. दोन ठिकाणी मराठीचा आधार दगा देतो.

पहिलं, 'तू आपलं काम कर'. आपला तिन्ही पुरुषांना चालतो, सुउस फक्त तृतीय पुरुषाला. इथे 'तुउम' हवं, आणि 'मी आपलं काम करतो' यात 'मेउम'.

दुसरं, कोणाचं बोलणं सांगताना. 'तो म्हणतो, मी येतो' याचं लॅटिन 'दीकित से वेनिरे'. आपण 'मी' ठेवतो, लॅटिन 'से' (स्वतःला) घालतं. 'से'ऐवजी 'एउम' (त्याला) घातलं तर येणारा माणूसच बदलतो. शिवाय अशा वाक्यात 'से' मुख्य क्रियापदाच्या कर्त्याकडेही जातं आणि आतल्या कर्त्याकडेही. सीझरच्या गॉल युद्धाच्या वृत्तान्तात (पुस्तक 1, प्रकरण 36) जर्मन राजा आरिओविस्तुसचा निरोप पाहा : 'मला सीझर बजावतो की हैदुइंवरचा (गॉलमधली एक टोळी) अन्याय मी खपवून घेणार नाही, पण माझ्याशी जो लढला त्याचा नाशच झाला.' मूळात 'सिबी' म्हणजे आरिओविस्तुसला, लगेच पुढचं 'से' म्हणजे सीझर, 'सेकुम' म्हणजे पुन्हा आरिओविस्तुसशी, आणि 'सिने सुआ पेर्निकिए'तला 'सुआ' लढणाऱ्या त्या माणसाचा. एका वाक्यात चार रूपं, तीन माणसं. इथे रूप पाहून काही हाती लागत नाही. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून त्याचा कर्ता शेजारी लिहावा आणि मगच 'से' कोणाकडे जातं ते ठरवावं.