गोचीड चावली, ताप नाही, तरी औषध सुरू करावं का? (नाशिक)

नमस्कार मंडळी, थोडी माहिती हवी आहे.

आमची शेती गिरणाऱ्याला. सासरे (अण्णा) रोज मळ्यावर असतात. परवा अंघोळीच्या वेळी त्यांच्या काखेत काहीतरी हाताला लागलं. बघितलं तर मसुराएवढी फुगलेली गोचीड, तोंड कातडीत रुतलेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, रॉकेल टाक नाहीतर उदबत्तीचा चटका दे. मी भुवयांच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरून हळूहळू सरळ वर ओढली. अख्खी आली. जागा साबणाने धुतली, गोचीड डबीत ठेवली आहे.

आता तिथे बारीक लाल गाठ आहे, बाकी काही नाही. पण गेल्या महिन्यात मळ्यावरच्या कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरांनी 'टिक फीवर' सांगितला होता, म्हणून जीव टांगणीला लागलाय. नवऱ्याचं म्हणणं, मेडिकलमधून अमॉक्सिसिलीन आणून पाच दिवस देऊ. अण्णा म्हणतात, "जन्म गोठ्यात गेला, गोचिडीने काय होतंय!" त्यांना शुगर आहे. आत्ताच रक्त तपासावं का?

प्रतिसाद १
काढली ते उत्तम केलंत. रॉकेल, चटका यांच्या नादी लागू नये. डिवचलेली गोचीड लाळ जखमेत सोडू शकते. बोटांनी चिरडूही नका.

ताप नसताना तपासणी नको, गोळीही नको. आपल्याकडे धोका मुख्यतः रिकेट्सिया कोनोराय या जंतूचा, त्याने होणारा ताप म्हणजे इंडियन टिक टायफस. चावल्यापासून साधारण दोन आठवडे रोज ताप बघा. जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मनगट-घोट्यापासून सुरू होऊन तळहात-तळपायावर येणारे लाल पुरळ, किंवा चावल्या जागी काळी खपली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फिजिशियनकडे जा आणि गोचीड चावल्याचं स्वतःहून सांगा. इथेच घोटाळा होतो: डेंगी, टायफॉइडच्या तपासण्या होत राहतात, गोचिडीचं कोणी बोलतच नाही. वाइल-फेलिक्स चाचणी (या तापासाठीची रक्ततपासणी) पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय पक्का असला की डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबता डॉक्सिसायक्लिन देतात. हे जंतू पेशींच्या आत राहतात, त्यांच्यावर अमॉक्सिसिलीन चालत नाही. वय आणि शुगर असली की आजार जड जाऊ शकतो, म्हणून अण्णांचं 'काय होतंय' यावेळी ऐकू नका.

प्रतिसाद २
कुत्र्याचा टिक फीवर त्याला हात लावून माणसाला होत नाही, पण त्याच्या अंगावरची गोचीड माणसाला चावू शकते. नुसत्या जनावरांना औषध लावून भागत नाही. मादी रक्त पिऊन गळून पडते आणि गोठ्याच्या भेगांत हजारो अंडी घालते. भेगा लिंपून घ्या. फवारणीचं प्रमाण पशुवैद्यकांना विचारूनच ठरवा, गाई दुभत्या असतील तर विशेष.

धागाकर्ती
खूप आभार. अमॉक्सिसिलीन रद्द. थर्मामीटर अण्णांच्या उशाशी ठेवलाय, कुरकुरत का होईना लावतात. ती डबीतली गोचीड टाकून देऊ का?

प्रतिसाद १
दोन आठवडे राहू द्या. ताप आलाच तर डॉक्टरांना दाखवता येईल. झाकण मात्र घट्ट लावा.