बनियनला नंबर कशाला?

"दुकानात मोबाइल नंबरच तर मागतात, दिला तर काय बिघडतं?" या मुद्द्याशी अजिबात सहमत नाही. परवा कॉलेज रोडला दोन बनियन घेतले, रोख पैसे काढले. काउंटरवरचा पोरगा म्हणे, "काका, नंबर टाकल्याशिवाय बिलच निघत नाही." मागे रांग, सगळे माझ्याकडेच बघताहेत. म्हटलं, दहा वेळा शून्य दाब. दाबलं, आणि बिल सुर्रकन बाहेर! मागच्या आजी लगेच, "माझंही शून्यच टाक रे बाळा."

म्हणजे अडत काहीच नव्हतं. नंबरची सक्ती करू नका, असं ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलंय. त्याच वर्षीचा डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि माहिती कामापुरतीच घ्यावी. (घरपोच मागवलं तर नंबर लागणारच, ते वेगळं.) रांगेत उभं करून काढलेला नंबर ही कसली संमती?

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. काउंटरवरच्या पोराला मात्र तो हक्क बनियनच्या बिलापुरता आजींनीच समजावला.