रॉनी हेझलहर्स्ट: सिरीयलच्या नावातूनच ट्यून

टायटल म्युझिक म्हणजे तीस सेकंदांची भरती, असं काही जण म्हणतात ते काही पटलं नाही बुवा. बीबीसीच्या सिरीयलींना संगीत देणाऱ्या रॉनी हेझलहर्स्टचंच बघा ना. शाळा लवकर सोडून कापूस गिरणीत कारकुनी, मग बँडमध्ये ट्रम्पेट, आणि 1961 ला बीबीसीत अरेंजर म्हणून लागला तो पुढे लाइट एंटरटेनमेंटचं, म्हणजे हलक्याफुलक्या करमणुकीच्या कार्यक्रमांचं, संगीत बघायला लागला. माणूस डोकेबाज एकदम. 'सम मदर्स डू ॲव्ह एम' ह्या विनोदी सिरीयलची ट्यून पिकोलोवर वाजते, म्हणजे ती छोटी कर्कश बासरी, आणि तिचा ठेका काय तर सिरीयलचं नाव मोर्स कोडमध्ये, म्हणजे तारेच्या त्या कट्ट-कडकट्ट भाषेत! कट्ट कडकट्ट करत अख्खं नाव येतं आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. 'आर यू बीइंग सर्व्ह्ड'मध्ये गल्ल्याच्या मशीनचा खणखणाट तालात बसवलाय, 'येस मिनिस्टर'मध्ये बिग बेनचे टोल. पण मला विचाराल तर 'लास्ट ऑफ द समर वाइन'ची ती संथ हार्मोनिका सगळ्यात भारी, तिथे काही कोडंबिडं नाही, नुसती चाल.

1977 च्या युरोव्हिजनला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत, तर गडी चक्क छत्री घेऊन ऑर्केस्ट्रा कंडक्ट करत होता.

आणि 2007 ला गेला तेव्हा मोठमोठ्या पेपरांनी मृत्युलेखात छापलं की एस क्लब 7 ह्या पॉप ग्रुपचं 'रीच' गाणं पण ह्याचंच. कोणीतरी विकिपीडियावर थाप घुसवलेली, ह्यांनी ती उचलली तशीच्या तशी!